एक रिपोर्ट, दोन निर्णय

"खोटे कानातले घातले की जिच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, तिला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा बसवायचा कसा?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मांडीच्या हाडावर धातूची जी टोपी बसवतात, ती बहुधा याच मिश्रधातूची असते आणि तिच्यात किंचित निकेलही असतं. विचारणाऱ्याच्या हाती आकडेही आहेत. 2001 साली हलाब, मेरिट आणि जेकब्स यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा धातूची ॲलर्जी सर्वसाधारण लोकांत सुमारे 10 टक्के, कृत्रिम सांधा नीट चालणाऱ्यांत 25 टक्के आणि तो बिघडलेल्यांत 60 टक्के दिसली. "याहून आणखी काय पुरावा हवा?"

हवा, कारण सैल झालेल्या सांध्यातून धातूचे कण झिजून आसपास पसरतात आणि त्यांच्यामुळेच शरीर धातूवर बिथरू शकतं. ॲलर्जीने सांधा बिघडवला की बिघडलेल्या सांध्याने ॲलर्जी आणली, हे त्या आकड्यांतून कळत नाही. पॅच टेस्टचीही मर्यादा आहे. निकेलचं मलम भरलेल्या बारीक चकत्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजू द्यायची नसते, मग चकत्या काढून लाली आणि पुरळ पाहतात. कळतं ते कातडीपुरतं. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या कितीतरी जणांचे गुडघे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात.

"मग टेस्ट करायचीच कशाला?" सरसकट सगळ्यांची करू नये, हे माझंही मत. पण पुरावा किती लागतो, हे निर्णय चुकला तर काय गमवावं लागेल यावर ठरतं. ऑपरेशनआधी, ॲलर्जीचा इतिहास स्पष्ट असेल, तर वेगळ्या धातूचा गुडघा निवडायला संशयही पुरे. 2017 साली केंद्र सरकारने दर बांधले तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा 54,720 रुपयांना, तर टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा 76,600 रुपयांना ठरला, जीएसटी वेगळा. संशय खोटा निघाला तर गेले ते वरचे पैसे. "शेतमजुराच्या घरात बावीस हजार थोडे का?" मुळीच नाहीत, म्हणूनच फायदा सिद्ध झालेला नाही हे त्या घराला आधी सांगायला हवं आणि निवड त्यांच्यावर सोडायला हवी.

बसवलेला गुडघा दुखतो म्हणून पॅच टेस्टच्या त्याच रिपोर्टवर तो उघडणं मात्र मला मान्य नाही. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये हाड आणखी जातं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि दुखणं तसंच राहू शकतं. आधी सांध्यातलं पाणी काढून तपासावं, एक्स-रेवर सांधा सैल किंवा तिरका आहे का ते पाहावं, खुबा आणि कंबर तपासावी. दुखण्याचं कारण बहुतेकदा यातच सापडतं. "म्हणजे बाईला ‘मनाचे खेळ आहेत’ सांगून घरी पाठवायचं?" ते तर सगळ्यात वाईट. कारण सापडलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. एवढं तपासूनही सूज आणि पुरळ हटत नसेल, तर ॲलर्जीचा विचार तेव्हा, आणि गांभीर्याने व्हावा.