दुखापतीच्या दारातून आलेले

फेब्रुवारी 2022 मध्ये बंगळुरूला आयपीएलचा मोठा लिलाव झाला, तेव्हा इंदूरच्या रजत पाटीदारवर दहापैकी एकाही संघाने बोली लावली नाही. किंमत जास्त होती असे नाही, 20 लाखच होती. पुढे बंगळुरू संघाचा लवनीत सिसोदिया जायबंदी झाला आणि त्याच्या जागी पाटीदारला बोलावणे गेले. 25 मे रोजी ईडन गार्डन्सवर लखनौविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याने 54 चेंडूंत नाबाद 112 धावा कुटल्या. महिन्याभरातच रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईविरुद्ध शतक ठोकले, आणि चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने या नावाने पहिल्यांदा तो करंडक जिंकला (जुन्या होळकर संघाची विजेतेपदे वेगळी). 3 जून 2025 ला बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा कर्णधार होता हाच, कोणालाही नको असलेला पाटीदार. त्या दिवशी समोरच्या पंजाब संघाकडून शेवटपर्यंत झुंजला तो शशांक सिंग. 2023 च्या लिलावात त्याच्यावर बोली लागल्यावर पंजाबच्या टेबलावर गोंधळ उडाला होता आणि आपल्याला हाच खेळाडू हवा होता, असा खुलासा संघाला नंतर करावा लागला होता.

अशा कथा आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो आणि मोकळे होतो. पण त्याच 2022 च्या हंगामात, त्याच राज्यात, दुसरी एक गोष्ट घडली. जबलपूर विभागातल्या सिवनी जिल्ह्यातला डावखुरा वेगवान गोलंदाज अर्शद खान मुंबई इंडियन्सने घेतला होता. तो जायबंदी झाला आणि त्याच्या जागी आला कुमार कार्तिकेय, जन्माने उत्तर प्रदेशाचा, दिल्लीत शिकलेला, पण मध्य प्रदेशात शहडोलकडून खेळून वर आलेला फिरकीपटू. महिन्या-दोन महिन्यांत रणजीच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने मुंबईचेच चार गडी बाद केले. एका राज्यातले दोन खेळाडू, एकाच हंगामात, दोघेही दुसऱ्याच्या दुखापतीमुळे आत आले. मला यात चमत्कार दिसत नाही, उलट एक अजाणता झालेला प्रयोग दिसतो. निवडणाऱ्यांनी लावलेला क्रम बरोबर होता की नाही, हे एरवी कधीच तपासले जात नाही. मागे टाकलेल्याला मैदानच मिळत नाही, मग निवड चुकली हे सिद्ध कोण करणार? दुखापत एवढीच एक गोष्ट अशी आहे, जी निवडणाऱ्याला न विचारता हा क्रम मोडते. म्हणून कोवळ्या खेळाडूंची पारख किती खरी असते हे जाणून घ्यायचे असेल, तर लिलावातल्या किमतींपेक्षा बदली खेळाडूंची यादी अधिक बोलकी आहे.

या पारखीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत खर्चिक दुकान अमेरिकेत आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाची निवड होते: लिलाव नाही, पाळी लावून उचलायचे, आणि आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला पहिली पाळी. त्याआधी त्यांच्यातल्या निवडक खेळाडूंना एका ठिकाणी बोलावून चाळीस यार्डांची धाव, उंच उडी, लांब उडी यांच्या चाचण्या होतात. वर्षानुवर्षांच्या चित्रफिती पाहिल्या जातात, मुलाखती होतात. एवढे करून 2000 साली टॉम ब्रॅडी 199 वा उचलला गेला. पुढच्या वर्षी ड्र्यू ब्लेडसो जबर जायबंदी झाला, म्हणून ब्रॅडी मैदानात आला आणि त्याने पुढे सात सुपर बोल, म्हणजे तिथले अंतिम सामने, जिंकले. 2022 च्या ड्राफ्टमध्ये ब्रॉक पर्डी 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याच्यापुढे उभा होता आदल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर उचललेला ट्रे लान्स. लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरात त्याच्या जागी खेळणाऱ्याचा पाय दुखावला, आणि शेवटच्या क्रमांकाचा पर्डी फेब्रुवारी 2024 मध्ये सुपर बोलच्या मैदानात संघाचे नेतृत्व करत होता. आपल्याकडे कबड्डीतही हेच झाले. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी 2.26 कोटी मोजले, तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, आणि नरेंदर नावाच्या नवख्या चढाईपटूने दोनशेहून अधिक गुण मिळवत तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत नेला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की तुम्ही चमकलेले बदली खेळाडू तेवढे मोजता. आले, फसले आणि विसरले गेले त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि बदलीवर आलेले बहुतेक जण काही मोठे करत नाहीत हेही खरे. पण न निवडलेले निवडलेल्यांपेक्षा सरस असतात, असा माझा दावाच नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे: यादीतल्या वरच्या आणि खालच्या नावांत जेवढे अंतर असते, त्यापेक्षा त्यांच्या किमतींतले अंतर कितीतरी मोठे असते. याला केवळ किश्श्यांचा आधार नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अमेरिकी ड्राफ्टची बरीच वर्षे तपासली. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ उचललेल्या दोघांपैकी आधी उचललेला अधिक चांगला निघण्याची शक्यता त्यांना जेमतेम 52 टक्के आढळली. नाणेफेकीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. असे असूनही पहिल्या पाळीसाठी संघ पुढच्या वर्षांच्या पाळ्या देऊन टाकतात. लिलावात तर हे आणखी बिघडते. तिथे खेळाडू जातो त्याच्याकडे, ज्याचा अंदाज सर्वांत चढा असतो. म्हणजे चुकण्याची शक्यता ज्याची सर्वाधिक, तोच बोली जिंकतो. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींबद्दल तीन अभियंत्यांनी 1971 मध्येच हे दाखवून दिले होते. इंदूरच्याच व्यंकटेश अय्यरचा आलेख त्यादृष्टीने पाहण्यासारखा आहे. 20 लाखांत आला तेव्हा त्याने 2021 मध्ये दहा सामन्यांत 370 धावा केल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये 23.75 कोटींना गेला, आणि पुढच्या हंगामात 11 सामन्यांत 142. माणूस तोच आहे. त्याची गुणवत्ता शंभर पटींनी वाढलीही नव्हती आणि नंतर आटलीही नाही. फुगली आणि फुटली ती किंमत.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: आकडेवारी वाढली, चेंडूचा वेग-वळण मोजणारी यंत्रे आली, आता डोळ्यांच्या भरवशावर कोण निवडतो? याचे उत्तर जबलपूरमध्येच मिळते. मराठी वाचकाला जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवर आठवते, पण गेली काही वर्षे या शहराची ओळख तिरंदाजीनेही होते. मध्य प्रदेश शासनाची तिरंदाजी अकादमी तिथे आहे, आणि तिथे घडलेली मुस्कान किरार 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सांघिक रौप्य जिंकणाऱ्या भारतीय चमूत होती. तिरंदाजीत पात्रता फेरीला 72 बाण आणि 720 गुण. सरावातले अंतर आणि स्पर्धेतले अंतर एकच, आणि प्रतिस्पर्धी तुमच्या बाणाला हात लावू शकत नाही. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीची आजची गुणपत्रिका उद्याबद्दल खरोखर काही सांगते (वारा आणि छातीतली धडधड वजा करून). क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल यांत मोजमाप आणि खेळ एक नसतात. चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येते, पण अंगावर येणारे चार राक्षस टाळत चेंडू कुठे टाकायचा, हे त्यात नसते. अमेरिकी चाचण्यांचे निकाल आणि नंतरची कामगिरी ताडून पाहणाऱ्या 2008 च्या एका अभ्यासात, चेंडू घेऊन पळणाऱ्यांची धाव सोडली, तर फारसा सुसंगत संबंध आढळला नाही. आपली नवी चाचणी म्हणजे राज्यांच्या टी-20 लीग. जून 2025 मध्ये ग्वाल्हेरला मध्य प्रदेश लीगमध्ये बुंदेलखंडच्या अभिषेक पाठकने जबलपूरच्या संघाविरुद्ध 33 चेंडूंत शतक केले. ते मोठेच आहे. पण एका संध्याकाळच्या, एका खेळपट्टीवरच्या, एका गोलंदाजीविरुद्धच्या खेळातून पुढच्या दहा वर्षांचा दर ठरवू पाहणे म्हणजे चाळीस यार्डांची धावच दुसऱ्या नावाने लावणे. यंत्राने आकडा अचूक होतो. त्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष अचूक होत नाही, उलट अचूक आकडा पाहून बोली लावणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र वाढतो.

मग जाणत्या नजरेला काही किंमतच नाही का? आहे. प्रशिक्षक जॉन राइट यांनी जसप्रीत बुमराहला देशांतर्गत टी-20 मध्ये पाहिले आणि मुंबई इंडियन्सने त्याला 2013 मध्ये घेतले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती नजर यशस्वी का झाली, हे कमी सांगितले जाते. त्या विचित्र गोलंदाजी-शैलीवर कोटींचा डाव नव्हता, म्हणून तो पहिल्या हंगामात मोजकेच सामने खेळला तरी कोणाचे नाक कापले गेले नाही. आणि त्याला मुरायला वेळ मिळाला. चांगला पारखी बहुधा असाच असतो: त्याचे भाकीत इतरांपेक्षा थोडेच अधिक खरे ठरते, पण चुकण्याची किंमत त्याने कमी ठेवलेली असते. महाग खेळाडूला ही सवलत नसते. तो चालला नाही तरी खेळवावा लागतो, नाहीतर मालकाला विचारणा होते. आणि खेळवला की त्याच्या मागचा बाकावरच राहतो. किंमत अशी स्वतःचे समर्थन स्वतःच करत राहते.

नियमांतच मेख आहे, ती इथे. आयपीएलच्या संघाला जास्तीत जास्त 25 खेळाडू ठेवता येतात. 2024 च्या मोठ्या लिलावात राखलेले खेळाडू धरून प्रत्येकाची मर्यादा 120 कोटी होती आणि नवख्याची मूळ किंमत 30 लाख. अय्यरच्या एका बोलीत असे 79 नवखे बसले असते, पण घ्यायची मुभाच नाही. पैसा आहे, जागा नाही, मग तो पैसा एकाच नावावर चढत जातो. अमेरिकी संघांना 53 जणांच्या चमूबाहेर सोळा-सतरा जणांचा सराव-चमू ठेवता येतो. शेवटच्या क्रमांकाचे लोक तिथल्या गर्दीतून डोके वर काढू शकतात ते यामुळे. आपल्याकडे दुखापतीचे दार सोडून दुसरे दार नव्हते. राज्य लीगने ते थोडे उघडले, 2024 च्या पहिल्याच हंगामात जबलपूर लायन्सने विजेतेपदही मिळवले. पण 2024 आणि 2025 मध्ये ती सगळी स्पर्धा ग्वाल्हेरला एका मैदानावर, काही दिवसांत उरकली. विभागाच्या सामन्यांना, जिथून कार्तिकेय सापडला, तिथे कोणत्या संघाचा माणूस जातो? एका संघाने जबलपूर, शहडोल, सागर, रीवा या विभागांतून मिळून पंधरा मुले दोन वर्षे सांभाळायची ठरवली, प्रत्येकाला वर्षाला 10 लाख दिले, तर खर्च तीन कोटी. त्यातले तेरा वाया जातील. कोणते तेरा, हे त्या दोन वर्षांआधी सांगू शकणारा पारखी मात्र अजून कोणाला सापडलेला नाही, आणि 23 कोटींच्या बोलीमागे तर तो नक्कीच बसलेला नव्हता.