तोंडी विचारलं होतं म्हणे!

विचारलं होतंस? कुणाला? काउंटरवरच्या मुलीला. ती म्हणाली, "फाइल पेशंटला देत नाहीत," आणि तुला पडत्या फळाची आज्ञा झाली. आलास हात हलवत घरी. वर मला सांगतोस, "बाई, प्रयत्न केला हो." याला प्रयत्न म्हणतात?

तू भित्रा नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर डोकं फिरतं. बिल्डरनं ताबा लांबवला तेव्हा महारेराकडे तक्रार ठोकून आलास. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या पट्ट्यावरून उपविधी वाचून दाखवणारा तूच. बँकेनं एसएमएसचे पैसे कापले तर रात्री बारा वाजता ईमेल करतोस. आणि अप्पांच्या रक्तवाहिनीत काय बसवलं, कुठं बसवलं, त्याआधी कोणतं औषध किती दिलं, हे ज्यात लिहिलंय त्या कागदांसाठी तुझी जीभ टाळ्याला चिकटली!

आता धावत आलास, कारण दुसऱ्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीची सीडी मागितली. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, कदाचित पुन्हा करावी लागेल. पुन्हा म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा ते डाय, पुन्हा बिल. अप्पांना मधुमेह आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे. ते डाय त्यांच्या किडनीला झेपेलच, असं लिहून देतोस? हा धोका कुणी ओढवला? अर्धा हॉस्पिटलनं. उरलेला अर्धा स्वतःच्या नावावर मांड.

"पण डिस्चार्ज कार्ड आहे ना, बाई." आहे. दोन पानांचं. अरे, ते प्रगतिपुस्तक आहे, उत्तरपत्रिका नव्हे! उत्तरपत्रिका त्या जाड फाइलमध्ये असते. डॉक्टर राउंडला आले तेव्हा काय लिहून गेले, सिस्टरनं रात्री दोन वाजता बीपी किती लिहिलं, कोणतं इंजेक्शन कितीला दिलं, कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली, लॅबचे सगळे रिपोर्ट, प्रोसिजरच्या नोंदी, स्टेंटचा स्टिकर, तू न वाचता सही केलेलं संमतिपत्र. हो, न वाचताच. लाल होऊ नकोस, मला कुणी सांगितलेलं नाही. सगळेच तसं करतात.

बिल तरी वाचलंस का? 2017 च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतीला चाप लावला. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर लिहायचा, असं हॉस्पिटलांना बजावलं. तुझ्या बिलात काय आहे? "कार्डिअॅक पॅकेज", एक आकडा, खाली तुझ्या क्रेडिट कार्डाची पावती. आणि तू बँकेत कर्जाची प्रकरणं तपासतोस! कर्जदारानं असा एका ओळीचा हिशेब आणला असता तर दारात उभा केला असतास का त्याला?

आता कायदा. नागरिकशास्त्रात तुला पैकीच्या पैकी असायचे, म्हणून हे सांगताना मलाच संकोच वाटतो. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता आहे. दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरनं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायचे. रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागणी केली, की मागणीची नोंद घ्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. नाही दिले तर ते गैरवर्तन, व्यावसायिक गैरवर्तन. म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार होऊ शकते. त्यात "बिल पूर्ण भरलं असेल तर" अशी अट नाही. "साहेब रजेवर नसतील तर" अशीही नाही.

"ते म्हणाले, कोर्टाचं पत्र आणा." मग म्हणायचं ना, कोर्ट कधीच बोलून बसलंय! मुंबई उच्च न्यायालयानं 1996 साली सांगितलं की रुग्णाच्या स्वतःच्या केसपेपरच्या प्रती मागितल्यावर डॉक्टर आणि हॉस्पिटल गोपनीयतेची ढाल पुढे करू शकत नाहीत. अरे, गोपनीयता असते ती रुग्णाची, आणि परक्यांपासून. रुग्णापासूनच रुग्णाचं गुपित ठेवायचं, ही कुठली तऱ्हा? हा निकाल लागला तेव्हा तू हाफ पँटीत होतास. आता तुझे केस पिकायला लागले.

कुणी शहाणा म्हणेल, नियम बदलले. 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नवे नियम काढले होते, खरं आहे. त्यात 72 तासांऐवजी कामाचे 5 दिवस होते. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले आणि जुनी आचारसंहिता परत लागू झाली. बरं, नवे राहिले असते तरी काय? 5 दिवसांत तरी तू मागितले असतेस?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2018 मध्ये 17 हक्कांची सनद मांडली. कागदपत्रांचा हक्क तिच्यात आहेच: दाखल असताना शक्यतो 24 तासांत, घरी सोडल्यावर 72 तासांत. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांमध्ये 2021 साली दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खासगी हॉस्पिटलांना बंधनकारक झालं. अप्पा आयसीयूत होते तेव्हा तू रिसेप्शनमध्ये तासन् तास बसला होतास. मान वर केलीस एकदा तरी? नसेल लावलेली कदाचित. मग "सनद कुठाय?" असं विचारलंस?

नाही विचारलंस. का, ते मी सांगते. "डॉक्टरांना वाईट वाटेल." भीड भिकेची बहीण, हे तुझी आजी सांगायची की नाही? ज्या डॉक्टरनं नीट उपचार केले त्याला त्या फाइलची भीती कशाला? उद्या कुणी त्याच्यावर बालंट आणलं तर तीच फाइल त्याचा पहिला साक्षीदार. मागितल्याबरोबर पानांवर नंबर टाकून, शिक्का मारून प्रती हातात ठेवणारी हॉस्पिटलंही आहेत, आणि ती डॉक्टरमंडळी काही देशोधडीला लागलेली नाहीत. वाईट वाटतं ते तुला, तेही काउंटरवर दोनदा उभं राहावं लागेल म्हणून. आळसाला सभ्यतेचं सोवळं नेसवू नकोस.

"आपल्याला त्यातलं काय कळतं?" तुला कळायची गरजच काय? पुढच्या डॉक्टरला कळेल. म्युच्युअल फंडाचं माहितीपत्रक तुला कळतं म्हणून घेतोस का? ते तर फायलीत लावतोस, पंच करून.

"आपल्याला थोडीच केस करायची आहे?" नको करूस. कागद मागितला म्हणजे खटलाच भरायचा, हे कुणी डोक्यात भरवलं? पण उद्या खरंच काही गडबड निघाली तर? ग्राहक आयोगाची मुदत घटनेपासून 2 वर्षं. फाइल जपायचं बंधन 3 वर्षांचं. तू "दिवाळीनंतर बघू", "पोरांच्या परीक्षा होऊ देत" करत बसशील आणि एक दिवस रेकॉर्ड रूममधून उत्तर येईल की जुन्या फायली रद्दीत गेल्या. तेव्हा कुणावर ओरडशील? शिवाय जितका उशीर, तितकी फाइलमध्ये मागाहून सारवासारव व्हायला सवड. सगळे करतात असं नाही म्हणत. पण सवड द्यायचीच कशाला?

"मोबाइलमध्ये फोटो आहेत." पाहिले मी. एकात तुझा अंगठा, दुसऱ्यात ट्यूबलाइटचा उजेड, तिसरा गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गडप. ईसीजीचा कागद तर थर्मल असतो, हळूहळू पुसट होत जातो. त्याची झेरॉक्स काढून ठेवायची असते, हे औषधाच्या दुकानातला पोऱ्याही सांगेल. आणि ते 14 आकड्यांचं आभा कार्ड काढलंस म्हणून निर्धास्त आहेस ना? त्यात हॉस्पिटलनं जोडलेलंच आपोआप दिसतं. उघडून पाहिलंस कधी? पासवर्ड तरी आठवतो?

आता सगळ्यात झोंबणारं सांगते. ही फाइल तुझी नाहीच. अप्पांची आहे. ते शुद्धीवर आहेत, रोज पेपर वाचतात, शब्दकोडं सोडवतात. हक्क त्यांचा, सही त्यांची. तू त्यांना विचारलंस? "त्यांना कशाला टेन्शन" म्हणून तू, तुझी बायको आणि तुझा पुण्याचा मेहुणा, तिघांनी परस्पर कारभार आटोपला. हॉस्पिटलनं त्यांच्यापासून कागद लपवले म्हणून चिडतोस, आणि किती स्टेंट बसले हे घरात त्यांच्यापासून लपवणारा कोण? ते तुला मोठं करत होते तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला त्यांच्याकडेच जात होतास ना? मग आज त्यांच्या सहीची पाळी आली तर त्यांना वगळून कसं चालेल?

आता वही काढ. वही नसेल तर त्या फोनमध्ये लिही, पण लिही.

अर्ज उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नावे आणि हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, दोघांच्याही. आचारसंहिता डॉक्टरला बांधते, म्हणून त्यांचं नाव वगळायचं नाही. अप्पांचं नाव, आयपीडी नंबर, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख. मग मागणी. "सर्व कागद" असं मोघम लिहून मोकळा होऊ नकोस. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, प्रोसिजरची टिपणं, संमतिपत्रं, सगळे रिपोर्ट, अँजिओ आणि अँजिओप्लास्टीची सीडी, स्टेंटचा तपशील, खर्चाचं तपशीलवार बिल. मूळ फाइल त्यांच्याकडे राहील, तुला शिक्क्याच्या प्रती हव्यात. झेरॉक्सचे वाजवी पैसे देऊ, असं लिही आणि दे. पावती घे. 2002 च्या आचारसंहितेचा आणि 72 तासांचा उल्लेख एका ओळीत. दमदाटी नको, वकिली भाषा नको. खाली अप्पांची सही, आणि "माझ्या वतीनं माझ्या मुलाला कागद द्यावेत" ही ओळ त्यांच्याच हातची.

दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नकोस, 72 तास तिथूनच मोजायचे आहेत. घेत नाहीत म्हणाले तर वाद घालू नकोस. तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठव, हॉस्पिटलच्या ईमेलवरही टाक. मुदत उलटली की महापालिकेचा आरोग्य विभाग आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद, दोन्हीकडे लेखी तक्रार. सरकारी दवाखाना असता तर माहिती अधिकाराचा अर्जही होता, पण तू कुठला तिथे जायला, एसी लागतो ना तुला.

काउंटरवरच्या त्या मुलीवर मात्र आवाज चढवायचा नाही. तिला वरून जे सांगितलंय तेच ती बोलते. तिला अर्ज दे, पोच माग, शांत उभा राहा. पाच मिनिटं लागतील. पार्किंगच्या पट्ट्यासाठी तू दोन तास उभा होतास.

आणि मला "बघतो बाई" म्हणू नकोस. शाळेतही बघतोच म्हणायचास. सही आज रात्री घे, जेवणाच्या आधी, आणि त्या वेळी अप्पांना स्टेंटचंही सांगून टाक. निळ्या पेननं घे, म्हणजे मूळ अर्ज कुठला आणि झेरॉक्स कुठली ते काउंटरवर लगेच कळेल. उद्या पोच घेऊन ये, मग चहा देते. नुसतं सांगायला येणार असशील तर येऊ नकोस.