आजीचें गीत व यार्देनेंतील धोंडे

इस्राएल लोक यार्देन ओलांडून कनान देशांत आले, तेव्हां यहोशवानें नदीच्या कोरड्या पात्रांतून बारा धोंडे उचलवून ते गिलगालांत उभे केले. पुढें मुलें विचारतील, हे धोंडे कसले, तेव्हां बापांनीं त्यांस घडलेली हकीकत सांगावी, अशी त्याची आज्ञा होती (यहोशवा, अध्याय 4). प्रिय वाचकहो, धोंडा आपण होऊन कांहींच बोलत नाहीं. मुलानें विचारावें आणि वडिलांनीं सांगावें, तेव्हांच तो स्मारक होतो. एरव्हीं तो धोंडाच.

आपल्या घरींही असे धोंडे आहेत. आजीची ट्रंक उघडली कीं तळाशीं लुगड्यांत गुंडाळलेलें गीतांचें पुस्तक निघतें; पानांवर दिव्याच्या तेलाचे डाग, कडा बोटांनीं झिजलेल्या. आजोबांच्या टाळांची जोडी खुंटीवर असते. दोरी कितीदां बदलली असेल, पण कांसें तेंच. वांटणीच्या वेळीं त्या टाळांवरून भाऊ भाऊ हमरीतुमरीवर येतात. आणि आजोबा त्यांवर कोणतें पद म्हणत असत, असें विचारलें तर दोघेही गप्प! हें पाहून आम्हांस फार वाईट वाटतें.

परमेश्वरानें केवळ धोंड्यांवर भिस्त ठेविली नाहीं. मोशेचा अंतकाळ जवळ आला, तेव्हां एक गीत लिहून तें लोकांस शिकव, असें त्यानें त्यास सांगितलें (अनुवाद, अध्याय 31). मुलाबाळांच्या तोंडीं तें राहील, हें त्यास ठाऊक होतें. पुस्तकास वाळवी लागते, वस्तु विकली जाते. पण जात्यावर बसून आजीनें कानांत घातलेली चाल अक्षरओळख नसलेल्या नातवंडासही येते. ती कोठें श्वास घेई, कोणत्या शब्दावर सूर लांबवी, हें कोणत्याही पुस्तकांत छापलेलें नसतें. बाजाची पेटी मोठ्यानें वाजूं लागली कीं हे बारकावे बुजतात, हें आमचें मत कित्येकांस रुचणार नाहीं.

रेव्ह. नारायण वामन टिळक 1919 सालीं निवर्तले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. लक्ष्मीबाईंनीं तें कडीकुलपांत ठेविलें नाहीं. लग्नाच्या वेळीं ज्यांस अक्षरओळखही नव्हती, त्या बाईंनीं पुढील कितीतरी अध्याय स्वतः रचले. पुढें त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथाचें साक्षेपानें संपादन केलें तें त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं. आजीचें दप्तर नातवाच्या हातीं आलें, आणि तें उघडेंच राहिलें.

पौलानेंही तीमथ्याच्या विश्वासाची आठवण काढतांना आधीं आजी लोईस हिचें नांव घेतलें, मग आई युनीके हिचें (2 तीमथ्य, अध्याय 1).

येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर मंडळींतील एखाद्या वृद्ध बाईंस ओट्यावर बसवावें. मुलांनीं भोंवतीं बसून विचारावें, “आजी, तुमच्या लहानपणीं हें गीत कोणत्या चालीवर म्हणत?” आतां पुष्कळांच्या खिशांत आवाज टिपणारा मोबाईल असतो, त्याचा त्या वेळीं उपयोग करावा. मात्र टिपून झाल्यावर तो बाजूस ठेवून तेंच पद मुलांनीं आजीबरोबर एकदां म्हणावें, आणि त्यासाठीं कोणाच्या तरी घरचे टाळ खुंटीवरून काढून आणावे.