रक्तपिपासूला दिलेला शब्द

भुताखेतांची गोष्ट ही मुळात वाचण्याची नव्हे, ऐकण्याची चीज आहे. बाहेर अंधार असावा, आत चार जिवाभावाची माणसे असावीत, आणि सांगणाऱ्याने मध्येच आवाज उतरवावा; मग भीतीला जी गोडी येते ती छापील पानाला कोठून येणार? युरोपातल्या रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची, म्हणजे व्हॅम्पायरची, इंग्रजीत गाजलेली पहिली गद्यकथा अशाच एका बैठकीतून निघाली. १८१५ साली आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी लॉर्ड बायरनने भाड्याने घेतलेल्या बंगल्यात पावसाने कोंडलेली मंडळी रात्री जमत. स्वतः बायरन, कवी शेली, पुढे मेरी शेली म्हणून प्रसिद्ध झालेली अठरा वर्षांची मेरी, तिची सावत्र बहीण क्लेअर आणि बायरनचा वीस वर्षांचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी. फ्रेंचमध्ये उतरलेल्या जर्मन भूतकथा मोठ्याने वाचल्या जात होत्या. प्रत्येकाने एकेक गोष्ट लिहावी अशी टूम बायरनने काढली. मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ झाली. बायरनने अर्ध्यावर टाकलेला धागा उचलून डॉक्टरने ‘द व्हॅम्पायर’ लिहिली. १८१९ साली ती छापली गेली तेव्हा मासिकाने वर नाव घातले बायरनचे! पॉलिडोरी १८२१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला.

आता ही कथा ध्वनिपुस्तकाच्या रूपाने पुन्हा कानांवर येऊ लागली आहे. आमच्या मित्रमंडळाने ती अशीच ऐकली. कोणाच्या हाती कोकमाचे सरबत, कोणाच्या हाती त्याहून कडक काही, मध्ये चिवड्याची बशी. तासाभरात गोष्ट संपली. वाद मात्र मध्यरात्र उलटली तरी संपेना. आणि मौज अशी, की तो वाद पिशाच्चे असतात की नसतात यावर नव्हता. तो शपथेवर होता.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. ऑब्री नावाचा एक श्रीमंत, भाबडा तरुण लॉर्ड रुथ्वेन या गूढ गृहस्थाबरोबर प्रवासाला निघतो. हा माणूस ज्याच्या सहवासात येतो त्याचा नाश होतो, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येते. ग्रीसमध्ये दरोडेखोरांची गोळी लागून रुथ्वेन मरणाला टेकतो आणि ऑब्रीकडून एक वचन मागतो. माझी कृत्ये आणि माझे मरण यांविषयी एक वर्ष आणि एक दिवस कोणाही जिवंत माणसाजवळ अक्षर काढायचे नाही. मरणाऱ्याची इच्छा म्हणून ऑब्री शपथ घेतो. पुढे लंडनला परतल्यावर पाहतो तो काय, हाच मेलेला माणूस हिंडतो फिरतो आहे, आणि कानाशी कुजबुजतो आहे: शपथ आठव. ऑब्रीला वेड लागायची पाळी येते. त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरते, तेही याच रुथ्वेनशी, दुसऱ्या नावाखाली. ऑब्री लग्न थोडे पुढे ढकला म्हणून गयावया करतो. कारण मात्र सांगत नाही. मुदत संपल्याचा ठोका पडतो, तो सारे सांगतो आणि प्राण सोडतो. माणसे धावतात. तोवर बहीण गेलेली असते.

आमच्यातले एक वकील मित्र ऑब्रीच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की सोयीचा असेल तोवरच पाळायचा तो शब्द कसला? सारा व्यवहार, सारी मैत्री माणूस दिलेल्या शब्दाला जागेल या भरवशावर चालते. तो भरवसा गेला तर उरले काय? म्हणणे हलके नव्हते. आपल्या पुराणांतही शब्दासाठी राज्य सोडणारे आणि वनवास पत्करणारे पूज्य ठरले आहेत.

परंतु येथे एक भेद आहे. शब्दासाठी राज्य सोडणारा आपले राज्य सोडतो. वनवास भोगणारा स्वतः काट्यांवरून चालतो. ऑब्रीने मात्र शब्द आपला दिला आणि त्याची किंमत बहिणीच्या प्राणांनी चुकती केली. जे आपले नाही ते गहाण टाकण्याचा अधिकार त्याला दिला कोणी? पुढे वकीलमित्रांनीच हसत कबूल केले, की १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३ हेच सांगते: ज्या कराराच्या हेतूतच दुसऱ्याच्या शरीराला वा मालमत्तेला इजा आहे, तो करार नव्हेच.

महाभारताने हा प्रश्न केव्हाच हाताळला आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचे मस्तक उडवीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती. कर्णपर्वात, कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर नेमके तेच बोलून बसतो, आणि अर्जुन खरोखरच तलवार उपसतो. कृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे रानात लपली. दरोडेखोरांनी विचारले, आणि कौशिकाने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. कौशिक बोलून बुडाला, ऑब्री गप्प राहून. पण दोघांचा दोष एकच. दोघांनीही समोरच्या जिवापेक्षा स्वतःच्या व्रताची शुभ्रता अधिक मोलाची मानली. पापभीरू माणसाचा हा फार सूक्ष्म असा अहंकार असतो.

आता आपला वेताळ पाहा. वेताळपंचविशीतला राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो तोही मौनाच्या अटीवरच. बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. पण गोष्ट संपवून वेताळ विचारतो आणि वर बजावतो: उत्तर ठाऊक असूनही बोलला नाहीस, तर तुझ्या डोक्याची शकले होतील. राजा बोलतो, केलेले श्रम वाया घालवतो, पुन्हा मागे फिरतो. शेवटच्या कोड्याला तो गप्प राहतो, कारण उत्तर खरोखरच ठाऊक नसते. त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि ज्या भिक्षूसाठी हा खटाटोप चालला होता तोच राजाचा बळी देणार आहे, हे गुपित फोडून त्याचा जीव वाचवतो. परदेशी पिशाच्च माणसाला गप्प बसवून जगते. आपले पिशाच्च त्याला बोलते करते. न कळणाऱ्याचे मौन निराळे आणि कळणाऱ्याचे निराळे, हे आमच्या आज्यांनी चुलीपाशी सांगितलेल्या गोष्टीत होतेच.

हे सारे दिवाळीच्या फराळाबरोबर कशासाठी, असे कोणी विचारील. याचसाठी, की रुथ्वेन ग्रीसमध्येच भेटतो असे नाही. घरोघरी तो निराळ्या वेषात वावरतो. पगार हिसकावून घेणारा नवरा, विधवा भावजयीच्या जमिनीवर अंगठा उठवून घेणारा दीर, लहान मुलाला कोपऱ्यात गाठणारा ओळखीचा गृहस्थ. यांतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या जिवावर जगतो आणि प्रत्येकाचे शस्त्र एकच असते: कुणाला सांगू नकोस, तुला आईची शपथ आहे. आणि घरातली भली माणसे, जी स्वतः मुंगीही मारणार नाहीत, ती ‘घराची अब्रू’ म्हणून ती शपथ वर्षानुवर्षे पाळतात. मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या कायद्याने, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमाने, ठाऊक असून न कळवणे हाच गुन्हा ठरवला. वेताळाची अट आता कायद्याच्या पुस्तकात आली आहे.

गुपित राखणे हा गुण आहेच. मित्राचे दुःख, वैद्याला सांगितलेला आजार, बहिणीने विश्वासाने बोललेली गोष्ट जपलीच पाहिजे. पण शब्द देताना आणि पाळताना एवढे विचारावे, की या मौनाने कोणाचे रक्षण होते आणि त्याची किंमत कोण भरते? दुबळ्याचे रक्षण होत असेल तर प्राण गेला तरी बोलू नये. बळकटाचे रक्षण होऊन दुबळा भरडत असेल, तर तेथे शब्द दिलाच गेलेला नसतो.

लहानपणी खेळताना कोणी शपथ घातली की आपण ‘सुटली म्हण’ म्हणून हट्ट धरीत असू, आणि समोरच्याने तसे म्हटले की मन हलके होई. या दिवाळीत घर पोरांनी भरेल. एखादे पोर फराळाच्या गर्दीतही गप्प गप्प असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला जवळ घेऊन आधी तेवढे म्हणावे: तुला कोणी शपथ घातली असेल, तर ती सुटली.