औषधाची वेळ आणि माणसाचा वेळ

नागपूरच्या उन्हाळ्यात जरीपटक्याच्या सरबतवाल्यांकडे सब्जा दिसू लागतो. पाण्यात पडताच त्या काळ्या बियांभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगून येते. पाणी असे धरून ठेवणाऱ्या पदार्थांना विज्ञान हायड्रोजेल म्हणते. प्रागमधील ऑटो विख्तरले व द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये मानवी शरीराला सोसवेल असे कृत्रिम हायड्रोजेल जगापुढे मांडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीही अशा जेलांच्या फुगण्या-आक्रसण्याचा अभ्यास केला.

आज हा पदार्थ आपल्या घरातील औषधांच्या डब्यात येऊन पोहोचला आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या अनेक 'एस.आर.' गोळ्यांत हायप्रोमेलोज असते. पोटातील पाण्याने ते फुगते आणि औषध त्या चिकट थरातून कित्येक तास थोडे थोडे झिरपत राहते. म्हणूनच अशी गोळी चावू किंवा कुटू नये, असे सांगितले जाते. पूर्वी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागणारी गोळी आता बहुधा एकदाच पुरते.

यात रुग्णाचे हित आहे, हे निर्विवाद. विसराळू वृद्धांचे डोस त्यामुळे कमी चुकतात. परंतु आजवर गोळीच्या निमित्ताने सून किंवा नातू पाण्याचा पेला घेऊन आजोबांजवळ जात असे. "गोळी घेतलीत का?" यापाठोपाठ "जेवण गेले का? झोप लागली का?" हेही विचारले जाई. तो फेरा वाचला, तर वाचलेला वेळ कोणाचा?

कोणी म्हणेल, औषध आपले काम चोख करीत असता वारंवार जाऊन करावयाचे काय? याचे उत्तर प्रसूतिगृहात मिळते. गर्भाशयाचे मुख प्रसूतीसाठी मऊ व्हावे म्हणून हायड्रोजेलची एक चपटी पट्टी वापरतात. तिच्यात डायनोप्रोस्टोन हे औषध १० मिलिग्रॅम असते व ते ताशी सुमारे ०.३ मिलिग्रॅम या गतीने बाहेर पडते. या पट्टीला एक लांब फीत जोडलेली असते. कळांनी जोर धरला किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडले, की फीत ओढून पट्टी काढून घ्यावी लागते. पट्टीला तासांचे माप कळते. आईची अवस्था कळत नाही. ती कळण्यासाठी कोणीतरी जवळ असावेच लागते.

घरातल्या गोळीला तर अशी फीतही नसते. आजोबा जेवले नाहीत, त्यांना उलट्या झाल्या, की ते दिवसभर कोणाशी बोललेच नाहीत, हे तिला समजणार नाही. मात्रा सांभाळण्याचे काम आपण पदार्थावर सोपवू शकतो, आणि ते खुशाल सोपवावे. माणसाकडे पाहण्याचे काम मात्र आपल्याकडेच राहते. आजवर ते गोळीच्या आधाराने आपोआप होत असे. यापुढे दुपारी आणि रात्री आजोबांच्या खोलीत काही निमित्त नसताना, आठवणीने जावे लागेल.