राणूबाईंचें ऋण

जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थांचें जन्मस्थान. १६०८ सालच्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं नारायण जन्मला, हें सर्वश्रुतच आहे. कीर्तनांत दृष्टांताला आम्ही ही कथा घेतों. ‘सावधान’ शब्द कानीं पडतांच मुलगा बोहल्यावरून पळाला, असें म्हटलें कीं श्रोते हटकून हसतात. आम्हीही तिथें जरा रेंगाळतों. खोटें कशाला बोला!

अंबडकडच्या एका गांवीं आरती झाल्यावर एक म्हातारी पुढें आली. म्हणाली, “बुवा, पोरगं पळालं ते ठीक. पण त्या हळदीच्या पोरीला घरी कुणी नेलं?”

सप्तपदीवांचून विवाह पुरा होत नाहीं, हें पाठशाळेंत शिकलेलें उत्तर जिभेवर आलें होतें. पण म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहून तें गिळलें.

आणि आईचें काय? अंतरपाट धरीपर्यंत नाहीं म्हणायचें नाहीं, असा शब्द राणूबाईंनीं मुलाकडून घेतला होता, असें परंपरा सांगते. मुलानें शब्द अक्षरशः पाळला! पण त्या विधवा माउलीनें शब्द मागितला तो काय अंतरपाटापुरता? बारा वर्षें टाकळीचें तप, बारा वर्षें तीर्थाटन. इकडे रडून रडून तिची दृष्टि गेली म्हणतात. तिला सांभाळलें थोरल्या गंगाधरपंतांनीं. त्यांनीं संसारांत राहून ‘भक्तिरहस्य’ लिहिलें, पण त्यांच्यावर आख्यान कोण लावतो? आम्हीं तर एकदांही लावलें नाहीं.

कोणी म्हणेल, तो पळाला नसता तर दासबोध कुठून मिळता? खरें आहे. पण फळ गोड निघालें म्हणून झाडाला पाणी कोणीं घातलें, हें विचारूंच नये काय? आळंदीच्या विठ्ठलपंतांना तर गुरूंनींच काशीहून परत रुक्मिणीबाईंकडे धाडलें. सारें जग संन्याशाला वंदन करतें, पण संन्याशानें आईला वंदन करावें असें शास्त्र आहे. समर्थही चोवीस वर्षांनीं जांबेच्या दारांत उभे राहिले, आणि कपिलानें आपल्या आईला, देवहूतीला, केलेला बोध त्यांनीं राणूबाईंना सांगितला, अशी कथा आहे. गेलेली दृष्टि परत आल्याचा चमत्कारही सांगतात. आम्हांला त्याहून तें दारांत येणें मोठें वाटतें.

हल्लीं ‘सावधान’ म्हटल्यावर आम्ही क्षणभर थांबतों. परवां मागच्या एका तरुण टाळकऱ्यानें हळूच विचारलें, “बुवा, पुढचं विसरलात का?”