थोरल्याचा सदरा

कपड्यांच्या निवडीचा विषय निघाला की आपण आवड, फॅशन आणि फार तर ऐपत यांबद्दल बोलतो. पण एखादे घर कपड्यांवर किती आणि कोणासाठी खर्च करते, हे त्या घरात मुले किती यावरही ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारताचा एकूण जननदर 1992-93 मध्ये दर स्त्रीमागे 3.4 मुले इतका होता. 2019-21 मध्ये तो 2.0 वर आला, महाराष्ट्रात तर 1.7 वर. चार-पाच भावंडांच्या घरात कपड्याला दीर्घायुष्य असे. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्यांचे कपडे बेतायचे, शिंप्याला वाढत्या अंगाने शिवायला सांगायचे. मग थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला. उरले ते गोधडीत किंवा बोहारणीकडे. तिथे निवडीचा प्रश्न उद्भवतच नसे, कारण कपडा कुणा एकाचा नव्हताच.

कुटुंब लहान झाले आणि ही साखळी तुटली. दोन मुलांच्या घरांपैकी जवळपास निम्म्या घरांत एक मुलगा आणि एक मुलगी असते. ताईचा फ्रॉक दादाला चालत नाही. एकुलत्या एकाचा तर प्रश्नच मिटला. शिवाय त्या एकासाठी खरेदी करणारे आईवडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा असे सहाजण असू शकतात. ज्याच्यासाठी स्वतंत्र खरेदी होते, त्याला आवडही विचारली जाते. म्हणजे आवड आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम नेहमीच खरा नसतो.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा वाढत्या उत्पन्नाचा परिणाम आहे. त्यात तथ्य आहे. ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा 1999-2000 मध्ये 59.4 टक्के होता, तो 2022-23 मध्ये 46.4 टक्क्यांवर आला. पण मोकळा झालेला पैसा शिकवणी, औषधपाणी, मोबाइल, दुचाकी असा कुठेही जाऊ शकतो. तो कपड्यांकडे वळला तर कोणाच्या अंगावर जाईल, हे नुसते उत्पन्न सांगत नाही. दुसरा आक्षेप स्वस्त तयार कपड्यांचा आणि जाहिरातींचा. स्वस्ताईने साखळी मोडणे सोपे केले हे खरे. पण धाकट्याच्या मापाचे धडके कपडे कपाटात पडून असतील, तर स्वस्त शर्टसुद्धा जास्तीचाच खर्च ठरतो. आणि जाहिरात कितीही प्रभावी असली, तरी तिला आधी एकट्याचा हट्ट पुरवू शकणारे घर लागते.

हाच तर्क पुढे नेला तर बाजाराची एक चूक दिसते. मुले कमी होत असताना वृद्धांचे प्रमाण वाढत आहे, तरी दुकानात आजोबा बहुधा पैसे देणारे म्हणूनच गृहीत धरले जातात. थरथरत्या बोटांना लावता येतील अशी बटणे, सहज चढवता येणारे आणि तरीही चारचौघांत शोभणारे कपडे, ही मागणी आजही बरीचशी गाऊन आणि सैल पायजम्यावर भागवली जाते. मुलाला आवड विचारायला आपण शिकलो, ते घरात मुले कमी झाली म्हणून. म्हाताऱ्यांची संख्या वाढल्यावर त्यांनाही ती विचारली जाईल का, हे मात्र आपोआप ठरणार नाही. त्यासाठी त्यांच्या हाती स्वतःचा पैसा असावा लागेल.